रॅग क्विल्टचं रेडीमेड किट: कात्रीला पाचपैकी पाच, कापडाला दोन

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांचा वेळ जायला नको. किटमधली स्प्रिंगची कात्री अफलातून आहे, कटिंग ठीकठाक, कापड निम्मं चांगलं निम्मं फसवं, आणि सोबत जो माहितीचा कागद येतो तो अमेरिकेतल्या बायकांसाठी लिहिलेला आहे जिथे घरोघरी कपडे वाळवायचं मशीन असतं, आमच्या सांगलीत गच्चीवर दोरी असते. किंमत 1,690 रुपये अधिक कुरिअर. सेलरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच फोटो आणि हेच पाकीट अजून तीन-चार जणांकडे वेगवेगळ्या नावाने दिसतं आणि मूळ माल कुठून येतो देव जाणे, सो जो कोणी विकत असेल त्याला हे लागू समजा.

रॅग क्विल्ट ही एक प्रकारची गोधडीच, ती म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे अजून फार कोणी करत नाही. कापडाचे सारखे चौकोन घ्यायचे, एक वर एक खाली आणि मधे थोडा लहान असा फ्लॅनेलचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, या तीन थरांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन शिलाया मारायच्या, असे सगळे चौकोन आधी तयार करून ठेवायचे आणि मग एकमेकांना जोडायचे. पण जोडताना नेहमीसारखी सुलट बाजू आत घ्यायची नाही, उलट्या बाजू एकमेकींना लावायच्या, म्हणजे शिवणीची सुटी कड वरच्या बाजूला उभी राहते. मग त्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप द्यायचे आणि अख्खी चादर धुऊन काढायची की कापलेल्या जागी दशा सुटतात, फुलतात, आणि प्रत्येक शिवणीवर झेंडूच्या पाकळ्यांसारखी दाट झालर तयार होते. सासूबाईंनी अर्धवट शिवलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे उलटं शिवलंयस की काय?" म्हटलं आई, असंच असतंय हे, तर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदावरच्या फोटोकडे, आणि चहा टाकायला आत गेल्या.

नवशिक्या माणसाला हा प्रकार का बरा पडतो तर साध्या क्विल्टमधे शेवटी तीन थरांचं अख्खं धूड गुंडाळी करून मशीनच्या हाताखालून सरकवावं लागतं आणि घरगुती मशीनला तेवढी जागाच नसते, खांदे भरून येतात आणि खाली चुण्या पडतात त्या वेगळ्याच. इथे हातात एकावेळी आठ इंचाचा तुकडा असतो. फुली मारली, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. शाळेतून पोरं येईपर्यंत पाच-सहा उरकतात. कडेला पट्टी लावायची भानगडच नाही, बाहेरच्या चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून शिलाई आणि तिथेही काप, झालं. आणि चौकोन दोन सूत, म्हणजे पाव इंच, इकडे-तिकडे असला तरी झालरीत लपून जातो, हे तर फारच सोयीचं.

आता किटमधे काय येतं. आठ इंचाचे छापील चौकोन 84, म्हणजे वरचे 42 आणि खालचे 42, साडेसहा इंचाचे पांढऱ्या फ्लॅनेलचे 42, ती कात्री, आणि कागद. सहा आडवे सात उभे लावायचे, अर्धा इंच शिवणीत जातं म्हणजे प्रत्येक चौकोन सात इंचाचा उरतो, बाहेरची झालर धरून 43 बाय 50 इंचाची चादर होते, लहान मुलाला पांघरायला किंवा सोफ्यावर पाय झाकून बसायला पुरते. धुतल्यावर सुती कापड आटतं, माझी 41 बाय 47 च्या आसपास आली आहे. मोठ्या माणसाच्या पलंगाला हवी असेल तर हे किट घेऊच नका, दोन किटं जोडली तरी पुरणार नाही आणि पैसे बघून चक्कर येईल.

पैशाचा हिशोब मी केला, तोही मांडते. 44 इंच पन्ह्याच्या कापडात आठ इंचाचे पाच चौकोन आडवे बसतात, 42 चौकोनांना नऊ ओळी, म्हणजे 72 इंच, दोन मीटर धरा, दोन्ही बाजू मिळून चार मीटर. सहा वेगवेगळी प्रिंट हवी असतील तर प्रत्येकी पाऊण मीटर घ्यायचं, तीन ओळी निघतात, पंधरा चौकोन, सहा पंधरा नव्वद, वर सहा उरतात. फ्लॅनेल पावणेदोन मीटर भरपूर झालं. आमच्या इकडे बऱ्यापैकी सुती कॅम्ब्रिक शंभरच्या आसपास मीटर मिळतं, कारण इचलकरंजी हाकेवर आहे, 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि आता अख्खं गाव मागाच्या खडखडाटात असतं, कटपीस तर किलोवर मिळतात. सगळं मिळून साडेसहाशे-सातशेत कापड होतं. म्हणजे किटमधले वरचे हजारेक रुपये तुम्ही कटिंगचे आणि कात्रीचे देताय. हे आधी कळलं असलं म्हणजे बरं असतं, मग कटिंगकडे त्या नजरेने बघता येतं.

तर कटिंग. एकूण सात मार्क देईन दहापैकी. बहुतेक चौकोन आठला आठ होते, काही पावणेआठ, त्याचं काही वाटलं नाही कारण वर सांगितलं तसं लपतं. पण एका फुलाफुलाच्या प्रिंटचे सगळेच तुकडे कापडाच्या धाग्याला धरून कापलेले नव्हते, तिरके गेले होते. हे दिसायला काही नाही पण रॅग क्विल्टमधे सगळा खेळ धाग्याचा असतो. शिवणीला समांतर जाणारे धागे सुटून गळतात आणि त्यांना आडवे असलेले धागे शिवणीत अडकून उभे राहतात, तीच झालर. तुकडा तिरका कापला असेल तर कुठलाच धागा धड सुटत नाही, कड नुसती लोळागोळा होते, आणि शिवताना तुकडा ताणला जातो ते निराळंच. नुसता चौकोन समोरासमोरच्या दोन कडांनी धरून ओढून बघा, आडवा ताणला गेला नाही म्हणजे सरळ कापलाय, ताणला गेला की समजायचं.

खरी गोची कापडात आहे. पाकिटावर लिहिलंय शंभर टक्के कॉटन. हाताला तीन-चार प्रिंट जरा जास्तच गुळगुळीत लागली म्हणून कडेचे चार धागे ओढले, चिमट्यात धरले आणि काडी लावली. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. इथे मणी झाला. आता टेरिकॉट कापड वाईट असतं असं नाही, शाळेचा युनिफॉर्म वर्षभर टिकतो तो त्याच्याच जोरावर, पण दशा फुलवायच्या कामाला ते निरुपयोगी आहे, नुसत्या तारा लोंबतात, कितीही धुवा. मी ते तुकडे बाजूला काढले आणि त्या जागी घरातलं कॅम्ब्रिक कापून घातलं. ज्यांच्या घरात असं कापड पडलेलं नसेल त्यांनी काय करायचं? सेलरला मेसेज केला, फोटो पाठवले, उत्तर आलं ऑल कॉटन मॅम, मग जळलेल्या धाग्याचा फोटो पाठवला तर पुढच्या ऑर्डरवर दहा टक्क्यांचं कूपन आलं. बोलणं अगदी गोड होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

रंगाचंही बघून घ्या. किटमधे एक गडद लाल प्रिंट आहे, पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासला तर रुमाल गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळ्याच बायका सांगतात, पण एकदा छापून झालेल्या कापडाचा रंग मिठाने धरत नाही, जो सुटायचा तो सुटतोच. तो आधीच दोन-तीन पाण्यातून काढून टाकणं एवढंच हातात आहे. कागदात म्हटलंय की चौकोन आधी धुवू नका, आणि ते बरोबरच आहे, सुटे चौकोन धुतले तर शिवायच्या आधीच दशा निघून सगळं गुंतून बसेल, पण मग विकणाऱ्यानेच ताग्यात कापड धुऊन कापायला नको का?

फ्लॅनेलला मात्र पूर्ण मार्क. दाट, मऊ, दोन्हीकडून लव असलेलं, आणि बरोब्बर साडेसहाचं, म्हणजे शिवणीत येत नाही, मधेच राहतं. काहीजणी मधला थरही आठ इंचाचाच घेतात, म्हणजे झालर अजून भरगच्च येते, पण मग जोडताना सहा थर होतात आणि कोपऱ्यात बारा, घरगुती मशीन तिथे हमखास अडतं.

शिवण्याबद्दल कागदात जे नाही ते सांगते. सोळा नंबरची सुई लावा, नेहमीची चौदाची कोपऱ्यावर वाकते. टाका तीनवर ठेवा, बारीक टाका दाट थरात उसवायची वेळ आली तर रडवतो. मशीनला वॉकिंग फूट असेल तर काम निम्मं हलकं होतं, तो फूट वरचं कापडही खालच्याच्या बरोबरीने पुढे ओढतो, नाहीतर वरचा थर मागे राहतो आणि फुलीच्या मधे सुरकुती धरते. पाच-सहाशेला मिळतो, घेताना एवढंच बघा की त्याची दांडी तुमच्या मशीनच्या सुईच्या स्क्रूवर नीट बसते का. फूट नसेल तर चौकोनाला चार टाचण्या आणि शिवणं मधून सुरू करून बाहेर न्यायचं. ओळी जोडताना जिथे चार कोपरे भेटतात तिथे शिवणी दोन्हीकडे उघडून पसरायच्या, एका बाजूला पाडल्या तर गाठोडं होतं. आणि जोडाच्या सगळ्या शिवणी डबल मारा, हे महत्त्वाचं, कारण नंतर त्याच्या अगदी जवळपर्यंत कात्री जाणार आहे आणि वर धुण्याचा मार.

आता ती कात्री. सात ओळी जोडायच्या, प्रत्येक ओळीत पाच जोड, असं सगळं मोजलं तर आतल्या 71 शिवणी आणि बाहेरच्या 26 बाजू, प्रत्येकीला तेरा-चौदा काप, म्हणजे तेराशेच्या घरात काप होतात, आणि पाव इंचावर दिले तर याच्या दुप्पट. टेलरच्या जड कात्रीने हे केलं तर अंगठ्याला फोड ठरलेला. ही कात्री स्प्रिंगवर आपली आपण उघडते, फक्त दाबायचं असतं, पातं छोटं पण टोकापर्यंत धार आहे, चार थर एका दमात कापते, कोपऱ्यातले आठ थर थोडा जोर लावून. टोक बोथट आहे त्यामुळे खालच्या कापडात घुसत नाही. शिलाईच्या अलीकडे एक-दीड सूत थांबायचं, शिलाई कापली गेली की तिथे भोकच. टीव्हीसमोर बसून करायचं काम आहे हे, लक्ष मात्र मालिकेकडे जाऊ देऊ नका. एवढे काप देऊनही धार उतरलेली नाही, जाऊबाईंनी तीच कात्री ब्लाऊजचे धागे कापायला नेली आणि परत द्यायचं नाव नाही.

मग धुणं, आणि इथे कागदाने हात वर केलेत. म्हणतो, मशीनमधे धुवा आणि ड्रायरमधे चाळीस मिनिटं फिरवा. खरं आहे, तिकडे झालर फुलते ती त्या गरम हवेत आपटून आपटूनच. नुसतं धुऊन दोरीवर टाकलं तर झालर चपटी आणि कडक वाळते, पहिल्या धुण्यानंतर बघून वाटतं की पैसे पाण्यात. त्यात धागे एवढे गळतात की मशीनची जाळी भरते, तेव्हा चादर जुन्या डबल बेडशीटमधे बांधून तोंडाला गाठ मारून मशीनमधे टाका, आणि मोरीत धुवत असाल तर जाळीवर फडकं ठेवा, नाहीतर प्लंबरला बोलवावं लागेल. आमच्याकडे शेवटी उपाय सासूबाईंनीच काढला. त्यांनी ती मागच्या दारी दगडावर नेली आणि आपण सतरंजी धुतो तशी दाण दाण आपटली, पिळली, झटकली, वाऱ्यावर टाकली, आणि अर्धवट ओली असताना कपड्यांच्या कडक ब्रशने शिवणींवरून उलटा हात फिरवला. दुसऱ्या धुण्यात झालर उठायला लागली, तिसऱ्या-चौथ्यापासून बघण्यासारखी झाली. फ्लॅटमधे दगड नसेल तर भरपूर झटकणं आणि ब्रश एवढं तरी कराच. पावसाळ्यात अजिबात धुवायला काढू नका, तीन थर आणि त्यात फ्लॅनेल, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वास धरतो.

वाकळीशी तुलना होणारच, झालीच. सासूबाईंच्या हातची वाकळ म्हणजे जुनी सुती लुगडी थरावर थर, वर रंगीत तुकडे, आणि कडेपासून सुरुवात करून आत आत जात बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. सगळी वाकळ एका दोऱ्याने धरलेली असते. इकडे कर्नाटकात, उत्तर कन्नडमधे, यल्लापूर-हल्याळ भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात तीही अशीच कडेपासून आत, आणि चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची फुलं लावतात, ती एकदा बघितली की कुठल्याही किटचा फोटो फिका वाटतो. रॅग क्विल्ट तितकी टिकेल असं मला वाटत नाही, कारण तिची झालर म्हणजे मुळातच झिजायला सोडलेलं कापड आहे. पण वाकळीला लागणारे महिने आणि ते मांडी घालून वाकून बसणं आमच्या पिढीच्या कमरेला झेपत नाही, आणि मशीनवर हे होतं. सासूबाईंचं म्हणणं, "दिसतंय बरं, पण पांघरायला माझी वाकळच दे."

मात्र वाकळीसाठी ठेवलेली जुनी लुगडी रॅग क्विल्टला वापरायचा मोह टाळा. विरलेल्या कापडाला काप दिला की तो तिथे थांबत नाही, शिलाईच्या पलीकडे फाटत जातो. सिंथेटिक साड्या तर बादच. सगळ्यात भारी येतात ते सुती शर्ट आणि जुन्या जीन्स. जीन्सचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, त्यामुळे उभ्या कडांतून पांढरी आणि आडव्या कडांतून निळसर झालर निघते, रंगाची जुळवाजुळव करायलाच नको. वरून जीन्स, खालून सुती शर्ट आणि मधे काहीच नाही, असं करा, नाहीतर ती उचलायला दोन माणसं लागतील. पुढची मी अशीच करणार आहे, चौकोन कापायला खडू, पट्टी आणि एक पुठ्ठ्याचा आठ इंची साचा पुरतो.

एक गोष्ट मात्र सेलरने लिहायलाच हवी होती. फोटोत ही चादर तान्ह्या बाळाच्या पाळण्यात दाखवली आहे. सुरुवातीच्या धुण्यांत हिचे लांब लांब धागे सुटतात, बाळाच्या बोटाला एखादा धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि बाळ नुसतं रडत राहतं, कोणाच्या लक्षात येत नाही. पाळण्यात तसंही जाड पांघरूण सोडून ठेवू नये. तान्ह्याला आपलं साधं मऊ दुपटं, ही चालत्या-बोलत्या पोराला.

तर घ्यावं का? कापायचा अगदीच वैताग असेल, दुकानं हिंडायला वेळ नसेल आणि एक चादर करून बघायची हौस असेल तर घ्या, पण आल्या आल्या काडी लावून कापड तपासा आणि जादा सुती चौकोन घरात तयार ठेवा. ज्यांच्या गावात कापडबाजार आहे त्यांनी किटच्या नादी लागू नये. माझे एकूण तीन स्टार, त्यातले दोन कात्रीचे. कात्री सुटी मिळेल का विचारलं तर सेलर म्हणाली हो, 320 रुपये, आणि ते दहा टक्क्यांचं कूपन त्यावर चालतं. दोन मागवल्यात, जाऊबाईंकडची आता परत येत नाही.